फिरकीचे झाकण गळू नये म्हणून: पहिल्यांदा झाकण आखणाऱ्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

आमचा लोणच्यांचा घरगुती उद्योग चिपळूणचा आणि आमचे बरेचसे गिऱ्हाईक घाटावरचे. बाजारातून आणलेली तयार झाकणे गळतात म्हणून आम्ही स्वतःचे झाकण करून घ्यायचे ठरवले. पहिल्या झाकणाने टेबलावरच्या साऱ्या परीक्षा पार केल्या. पण कुंभार्ली घाट चढून कराडला पोचलेल्या खोक्यांचे तळ आठच दिवसांत तेलाने काळे झाले. पुढे वर्षभर मी झाकण या एकाच वस्तूच्या मागे लागलो होतो. त्या वर्षात जे कळले ते आधीच कोणी सांगितले असते, तर निदान एका साच्याचा खर्च वाचला असता. लोणचे असो, तूप असो वा डोक्याला लावायचे तेल, स्वतःच्या बरणीसाठी आट्यांचे झाकण आखू पाहणाऱ्या नवख्या माणसासाठी हा लेख आहे. माझे उदाहरण ५०० मिलिलिटरच्या, ६३ मिलिमीटर तोंडाच्या पेट (पाण्याच्या बाटल्यांचे पारदर्शक प्लॅस्टिक) बरणीचे आणि पॉलिप्रॉपिलीनच्या झाकणाचे आहे. तुमचे माप वेगळे असले तरी विचार करण्याचा क्रम बदलत नाही.

सुरुवातीला जवळ असावे असे सामान

- डिजिटल व्हर्नियर आणि आट्यांचा पीच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) मोजायचा गेज.
- ज्या बरणीसाठी झाकण करायचे आहे तिचे किमान १० नग, शक्यतो दोन वेगवेगळ्या खेपांतले.
- बरणीच्या कारखानदाराकडून मिळालेले तोंडाचे रेखाचित्र. ते मिळेपर्यंत कामाला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.
- थ्रीडी रेखाटनाचे कोणतेही सॉफ्टवेअर. फ्रीकॅड फुकट मिळते आणि या कामाला पुरते.
- सामान तोलायचा हुकाचा ताणकाटा आणि सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची लाकडी पट्टी.
- शाई किंवा खाण्याचा रंग, टिपकागद, कोमट पाण्याची बादली आणि थर्मामीटर.

१. गळती कोण अडवते, हे आधी नीट समजून घ्या

माझी सगळ्यात मोठी चूक समजुतीची होती. आटे जितके घट्ट बसतील तितके झाकण गळणार नाही, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात आटे काहीच अडवत नाहीत. बरणीच्या आणि झाकणाच्या आट्यांमध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर झाकण फिरणारच नाही. ही फट म्हणजे तोंडापासून खालपर्यंत गोल गोल उतरत जाणारी अखंड वाट असते आणि तेल तिच्यातून निवांत खाली येते. आट्यांचे काम एवढेच, की हाताच्या फिरवण्याचे रूपांतर खाली दाबण्यात करायचे. गळती थांबते ती त्या दाबाखाली एखादा मऊ पृष्ठभाग दुसऱ्या गुळगुळीत पृष्ठभागावर सर्व बाजूंनी, कुठेही खंड न पडता, चेपला जातो तेव्हा.

जुन्या घरांत प्रवासाला नेत असत तो फिरकीचा तांब्या आठवून पाहा. त्याचे आटे पितळेत सुरेख कातलेले असत, झाकण घट्ट बसे. तरी आमच्या आजीचा तांब्या आडवा पडला की ठिबकत असे. धातूवर धातू टेकत होता आणि मध्ये चेपणारे काही नव्हते.

म्हणून आखणीचा क्रम असा ठेवा: आधी सील (म्हणजे चेपून गळती अडवणारी ही जागा), मग ते दाबायला लागणारा जोर आणि शेवटी तो जोर देणारे आटे. बहुतेक नवखे लोक नेमके उलट्या दिशेने जातात, कारण रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आटे काढण्यात खरी गंमत असते.

२. बरणीचे तोंड मोजा आणि ते मोजमाप कागदावर आणा

बरणीच्या तोंडाला या धंद्यात ‘नेक फिनिश’ म्हणतात आणि ते दोन आकड्यांनी सांगतात, उदाहरणार्थ ‘२८-४१०’. पहिला आकडा तोंडाचा मिलिमीटरमधला ढोबळ व्यास असतो आणि दुसरा आट्यांची घडण सांगतो. ४०० म्हणजे साधारण एक वेढा, ४१० म्हणजे दीड, ४१५ म्हणजे दोन. २८-४०० च्या बाटलीवर २८-४१० चे झाकण चढल्यासारखे वाटते, पण पुरते बसत नाही. आकड्यांतला पहिला भाग जुळला म्हणून झाकण जुळले, असे मानून हजारो झाकणे विकत घेणारे लोक मी पाहिले आहेत.

रेखाचित्रात पाच अक्षरे शोधा. ‘टी’ म्हणजे आट्यांच्या शेंड्यांवरचा बाहेरचा व्यास, ‘ई’ म्हणजे आट्यांच्या मुळाशी मानेचा व्यास, ‘आय’ म्हणजे तोंडाचा आतला व्यास, ‘एच’ म्हणजे ओठापासून खांद्यापर्यंत किंवा खालच्या कड्यापर्यंतची उंची आणि ‘एस’ म्हणजे ओठापासून पहिल्या आट्याच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर. ही पाचही मापे दहा बरण्यांवर स्वतः घ्या. प्रत्येक व्यास काटकोनातल्या दोन दिशांनी मोजा, म्हणजे तोंड लंबगोल असल्यास लगेच कळते. सरासरीच्या मोहात न पडता सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान माप लिहून ठेवा. झाकणाला त्या दोन्ही टोकांच्या बरण्यांवर काम करायचे असते.

यानंतर बरणीच्या ओठावरून नख फिरवा. पेट बरणीची मान प्रीफॉर्मसोबतच (बरणी फुगवण्याआधीच्या नळीसोबतच) साच्यात दाबून घडलेली असल्याने ओठ सहसा साफ असतो. एचडीपीईच्या (घट्ट जातीच्या पॉलिथिलीनच्या) फुगवून केलेल्या डब्यांत मात्र साच्याच्या दोन अर्ध्यांची जोडरेघ ओठावरून आडवी गेलेली पुष्कळदा आढळते. नखाला अडणारी अशी रेघ म्हणजे तयार नाला समजा. तिच्यावर कडक सील कधीच बसणार नाही. एक तर मऊ वायसर घ्यावा लागेल, नाहीतर डबा बदलावा लागेल.

३. सील कुठे बसणार, हे एकदाच ठरवा

जॉन लँडिस मेसन या अमेरिकी कारागिराला ३० नोव्हेंबर १८५८ रोजी आट्यांच्या बरणीचे पेटंट मिळाले. काचेवर आटे त्याच्याआधीही पाडले जात. त्याची हुशारी अशी, की त्याने बरणीचे आटे खांद्यापर्यंत न नेता वरच विरवून टाकले. त्यामुळे झाकणाची खालची कड विनाअडथळा खांद्यापर्यंत उतरून तिथे टेकू लागली. टेकण्याची जागा एकच, आणि तिथे पोचायला वाट मोकळी, हे त्या आखणीचे मर्म होते.

तुमच्यापुढे तीन जागा असतात.

पहिली जागा ओठाच्या माथ्याची. झाकणाच्या आत वायसर किंवा फोमची चकती बसवायची आणि ती ओठावर दाबायची. रुंद तोंडाच्या बरण्यांसाठी हीच सर्वांत सोयीची.

दुसरी जागा तोंडाच्या आतल्या भिंतीची. झाकणालाच आतून बुचासारखे एक कडे घडवायचे, ते तोंडात किंचित दाटून बसते आणि वेगळा वायसर लागत नाही. या पद्धतीचा मोठा गुण असा, की आडवी पकड आट्यांच्या घट्टपणावर फारशी अवलंबून राहत नाही. मात्र त्यासाठी ‘आय’ हे माप पक्के हवे. २८ मिलिमीटरच्या बाटल्यांत ते सांभाळता येते. ६३ मिलिमीटरच्या तोंडात, तेही वेगवेगळ्या खेपांत, ते सांभाळणे मला जमले नाही.

तिसरी जागा मेसनची, म्हणजे खांद्याची. आज प्लॅस्टिकच्या बरण्यांत ती क्वचितच निवडावी, कारण पेट बरणीचा खांदा बहुधा फुगवून झालेला असतो आणि त्याचे माप मानेइतके नेमके नसते.

यांतील एकच जागा निवडा. दोन ठिकाणी सील ठेवले म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असे वाटते. पण दोन पृष्ठभाग एकाच क्षणी टेकतील इतकी अचूक मापे साच्यातून निघत नाहीत. जो आधी टेकतो तो दुसऱ्याला टेकू देत नाही. माझ्या पहिल्या झाकणाचा निम्मा दोष हाच होता: झाकणाची खालची कड बरणीच्या खांद्यावर टेकत होती आणि हाताला ‘घट्ट बसले’ असे वाटत असताना वर वायसर जेमतेम ओठाला शिवत होता. वायसर पुरता चेपल्यानंतरही झाकणाची कड आणि खांदा यांच्यात निदान ०.५ ते १ मिलिमीटर फट उरली पाहिजे. ‘एच’ मोजायचे ते यासाठीच.

४. वायसर निवडा आणि त्याला पसरायला जागा द्या

बाजारात सर्वांत स्वस्त मिळते ती पांढऱ्या ईपीई फोमची चकती, तिला ‘वॅड’ म्हणतात. कोरड्या मसाल्याला किंवा गोळ्यांना ती उत्तम. पण फोम एकदा चेपला की पूर्वीइतका फुगून येत नाही, त्यामुळे उघड-बंद होणाऱ्या तेलकट बरणीसाठी केवळ तिच्यावर विसंबू नये. गिऱ्हाइकाने उघडेपर्यंतचीच चिंता असेल, तर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्रीची इंडक्शन वॅड (विजेच्या यंत्राने तापवून ओठाला चिकटवायची चकती) लावून ओठ चिकटबंद करणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. मात्र ती पत्री फाडल्यानंतर पुढची जबाबदारी झाकणावरच येते. नैसर्गिक रबर तेलाने फुगते, म्हणून ते टाळा. आम्ही शेवटी खाद्यवापरासाठीचे सिलिकॉन घेतले, कडकपणा शोर-ए मापावर ४० ते ५० च्या दरम्यान. हाताने बंद करायच्या झाकणात याहून कडक वायसर चेपला जात नाही.

वायसरची जाडी २ मिलिमीटर असेल तर तो ०.४ ते ०.५ मिलिमीटर, म्हणजे २० ते २५ टक्के चेपला जाईल असे पाहा. इथे दोन सापळे आहेत.

पहिला असा, की रबर किंवा सिलिकॉन दाबल्याने आकसत नाही, फक्त आकार बदलते. वरून दाबले की ते बाजूंना सरकते. ज्या खाचेत वायसर बसतो ती खाच त्याने काठोकाठ भरलेली असेल, तर त्याला सरकायला जागाच राहत नाही आणि मऊ वायसर दगडासारखा वागू लागतो. खाचेचा किमान १५ टक्के भाग मोकळा ठेवा.

दुसरा सापळा रुंदीचा. हाताचा जोर ठरलेला असतो. तो ३ मिलिमीटर रुंद पट्टीवर पसरला तर दर चौरस मिलिमीटरला जेवढा दाब मिळतो, त्याच्या तिप्पट दाब १ मिलिमीटर रुंद रेघेवर मिळतो. त्यामुळे सपाट वायसरच्या मागे झाकणाच्या छताला सुमारे अर्धा मिलिमीटर उंचीची गोलाकार, अखंड धार द्या आणि ती ओठाच्या बरोबर मध्यावर येईल असे पाहा. वायसर सपाट, ओठ सपाट आणि छतही सपाट असे असले, की माणूस कितीही आवळो, वायसर पुरता चेपला जात नाही. ही एवढीशी धार वाढवल्यानंतर आमची निम्मी गळती थांबली.

५. आता आटे आखा

उभ्या दिशेतला पीच तुम्ही ठरवत नाही, तो बरणीने ठरवलेला असतो. ४०० घडणीच्या २८ मिलिमीटर तोंडावर इंचाला ६ आटे असतात, म्हणजे पीच सुमारे ४.२ मिलिमीटर, आमच्या बरणीचेही माप तेवढेच निघाले. बरणीही स्वतःच घडवून घेणार असाल, तर मात्र इथे थांबून विचार करा.

४.२ मिलिमीटर पीचचे झाकण एका वेढ्यात ४.२ मिलिमीटर खाली उतरते. वायसर अर्धा मिलिमीटर चेपायला ते सुमारे ४३ अंश फिरावे लागते. प्रवासातल्या हादऱ्यांनी हे झाकण १० अंश उलटे फिरले, तर वायसरवरचा चेप ०.१२ मिलिमीटरने, म्हणजे साधारण चौथ्या हिश्शाने कमी होतो. आता तेच आटे दोन तोंडांचे केले, म्हणजे दोन धागे समांतर चढवले, तर झाकण अर्ध्या फिरवण्यात बसते, गिऱ्हाइकाला ते आवडते. पण तेच १० अंश सुटल्यावर अर्धा चेप निघून जातो. झटकन उघडणारी रुंद तोंडाची झाकणे पुष्कळदा गळकी का असतात, याचे एक उत्तर या साध्या हिशेबात आहे. द्रव पदार्थासाठी एकाच तोंडाचा आटा ठेवा आणि त्याची पकड एका पूर्ण वेढ्याहून थोडी अधिक असू द्या. त्याहून कमी पकड असेल तर आटा एका बाजूला धरतो, दुसऱ्या बाजूला धरत नाही. झाकण कलते आणि गळती नेहमी एकाच कोपऱ्यातून होते.

आट्याचा छेद आखताना त्याच्या दोन बाजू सारख्या ठेवू नका. जी बाजू भार घेते, म्हणजे झाकण वर उचलले जाऊ लागले की जी बरणीच्या आट्याखाली अडकते, ती जवळजवळ आडवी, सुमारे १० अंशांच्या उताराची असावी; दुसरी ४५ अंशांची चालेल. भार घेणारी बाजूच ४५ अंशांची ठेवली, तर जोराने आवळल्यावर झाकणाची भिंत बाहेर ढकलली जाते आणि ‘टक्’ असा आवाज होऊन आटा बरणीच्या आट्यावरून उडी मारतो. झाकणाची भिंत पातळ ठेवली की हे हमखास होते. बरणीच्या ‘टी’च्या सर्वांत मोठ्या मापापेक्षा झाकणाचा आट्यांच्या मुळाशी मोजलेला आतला व्यास ०.३ ते ०.५ मिलिमीटर मोठा ठेवला तर झाकण हलके फिरते.

छताच्या जाडीकडेही पाहा. ६३ मिलिमीटरचे छत १ मिलिमीटर जाडीचे ठेवले तर आतल्या हवेच्या दाबाने ते घुमटासारखे फुगते आणि फुगताना वायसरला ओठावरून उचलते. दीड ते दोन मिलिमीटर जाडी ठेवा किंवा आतून आरे द्या.

६. झाकणावर किती जोर येणार, त्याचा हिशेब करा

माझ्या मते ही या लेखातली मुख्य पायरी आहे आणि लोक नेमकी हीच गाळतात. मी स्वतः कित्येक महिने सगळा दोष घाटाला देत होतो.

हिशेबापुरते असे धरू, की बरणीत ५०० मिलिलिटर निव्वळ तेल आहे आणि वर २५ मिलिलिटर हवा आहे. बरणी २५ अंश सेल्सियसला भरली आणि मे महिन्यात बंद टेम्पोत ती ४५ अंशांपर्यंत तापली. खाद्यतेल दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के फुगते, म्हणजे २० अंशांत ५०० मिलिलिटरचे ५०७ मिलिलिटर होते. वरच्या हवेला आता २५ ऐवजी १८ मिलिलिटरच जागा उरली, शिवाय ती हवाही तापली आहे. तिचा दाब मूळच्या सुमारे १.४८ पट होतो. बाहेरच्या हवेपेक्षा तो जवळजवळ ४९ किलोपास्कल अधिक भरतो. सीलचा व्यास ५७ मिलिमीटर धरला तर झाकण खालून वर ढकलणारा जोर साडेबारा किलो वजनाएवढा येतो. बरणी थोडी फुगून यातला काही भाग पोटात घेते, तरी जोर मोठाच असतो.

आता घाटाचे पाहू. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे, कराड सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर. एवढ्या चढाने बाहेरच्या हवेचा दाब साधारण साडेसहा किलोपास्कलने घटतो आणि झाकणावर जेमतेम पावणेदोन किलोची भर पडते. खरी दोषी होती भरण्याची पातळी! वर २५ ऐवजी ५० मिलिलिटर जागा सोडली, की उष्णतेमुळे येणारा तोच जोर साडेबारा किलोंवरून सुमारे सव्वासहा किलोंवर येतो. झाकणाला हातही न लावता जोर निम्मा झाला. बरणी गळ्यापर्यंत भरलेली असली की माल भरपूर दिसतो, म्हणून आम्ही ती तशी भरत होतो.

याच्या विरुद्ध बाजूला हाताने आवळल्याचा जोर असतो. एक जुना ठोकताळा असा, की झाकणाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाच्या निम्मा आकडा घ्यावा आणि तेवढे इंच-पाउंड टॉर्क (फिरवण्याचा जोर) द्यावे. ६३ मिलिमीटरला सुमारे ३१ इंच-पाउंड, म्हणजे साडेतीन न्यूटन-मीटर. यातला बहुतेक जोर आट्यांच्या आणि वायसरच्या घर्षणात खर्च होतो. जे उरते त्यातून ओठावर साधारण १५ ते २२ किलोंचा दाब पडतो. पण प्लॅस्टिक सतत ताणाखाली हळूहळू सैलावते आणि उष्णतेत ते अधिक वेगाने घडते. आज २० किलोंनी दाबणारे झाकण आठवड्याने त्यातला मोठा हिस्सा गमावून बसते. तोवर आतला जोर साडेबारा किलोंचा झाला, की तेलाला वाट मिळते. आमची झाकणे टेबलावर टिकली आणि आठ दिवसांनी गळली, ती अशी.

आट्यांना तेल लागले तर घर्षण घटते. मग तेवढ्याच टॉर्कने झाकण अधिक दाबते खरे, पण हादऱ्यांनी सुटतेही लवकर. बरणी भरून झाल्यावर मान कोरड्या फडक्याने पुसून मगच झाकण लावा. एक अपवादही इथेच सांगतो: तेलाविना घातलेले, आंबत राहणारे लोणचे वायू सोडते. आंबणे थांबण्याआधी अशा बरणीला घट्ट झाकण लावू नये. तिथे दोष आखणीचा नसतो.

७. नमुना छापून पाहा, पण त्यावर किती विश्वास ठेवायचा ते ओळखा

साचा करण्याआधी थ्रीडी प्रिंटरवर चार-पाच नमुने काढा. तार वितळवून थर देणाऱ्या प्रिंटरवर आट्यांसाठी प्रत्येक बाजूला ०.३ ते ०.४ मिलिमीटर जादा फट ठेवावी लागते. झाकण छत खाली ठेवून छापा, म्हणजे आतल्या आट्यांना टेकू लागत नाहीत. अशा नमुन्यातून पाणी झिरपले तर लगेच आखणीला दोष देऊ नका: थरांच्या मधूनही पाणी येते, आणि प्रत्येक थर जिथे सुरू होऊन संपतो तिथे एक उभी शिवण पडते, ती बुचाच्या पद्धतीत नेमकी गळतीची वाट ठरते. सीलची जागा तपासायची असेल तर रेझिनवर छापलेला नमुना घ्या. असे नमुने केवळ पाण्याच्या परीक्षेपुरते वापरावेत. त्यांत खाण्याची वस्तू ठेवू नये.

वायसर कुठे टेकतो हे पाहण्याची सोपी युक्ती अशी: ओठाला शाईचा पातळ हात द्या, झाकण आवळा आणि उघडा. वायसरवर उमटलेले वर्तुळ अखंड आणि सारख्या रुंदीचे हवे. ते कुठे तुटले असेल, तर गळतीची जागा तुमच्या डोळ्यांसमोर आहे.

८. चाचण्या कडक घ्या

टॉर्क मोजायला यंत्र नसले तरी चालते. झाकणावर लाकडी पट्टी आडवी पक्की करा आणि मध्यापासून २० सेंटिमीटरवर ताणकाट्याचा हूक अडकवून पट्टीला काटकोनात ओढा. काट्यावर १.८ किलो दिसले म्हणजे साडेतीन न्यूटन-मीटर झाले. सर्व चाचण्यांत झाकणे याच मापाने आवळा, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या मनगटाप्रमाणे आवळतो आणि निकालांना अर्थ राहत नाही. २४ तासांनी झाकण उघडताना लागणारा टॉर्क लिहून ठेवा. तो लावलेल्या टॉर्कपेक्षा कमीच भरतो, पण नगानगांत त्याचा फार फरक दिसला तर मापे डळमळीत आहेत.

मग तीन चाचण्या घ्या. रंगीत पाणी भरलेली बरणी टिपकागदावर २४ तास उलटी ठेवा. त्यानंतर खऱ्याच पातळीपर्यंत भरलेली बरणी ५० अंशांच्या पाण्यात उलटी बुडवून अर्धा तास ठेवा आणि रंगाचा धागा कुठून सुटतो ते पाहा; आमच्या पहिल्या झाकणाने या परीक्षेत दहा मिनिटांत मान टाकली असती, पण तेव्हा ती मला माहीत नव्हती. तिसरी चाचणी भरलेल्या खोक्याची: दहा-बारा बरण्या तेल भरून आडव्या ठेवा, नेहमीच्या टेम्पोने पाठवा, परत मागवा आणि आठ दिवस थांबून मग उघडा. पाण्यावर उत्तीर्ण झालेले झाकण तेलावर नापास होऊ शकते, कारण तेल पृष्ठभागावर पसरते आणि पाणी अडखळते तिथून सहज पुढे सरकते. शेवटची खात्री नेहमी प्रत्यक्ष पदार्थ भरूनच करा.

९. साच्याची मागणी देताना

पॉलिप्रॉपिलीन थंड होताना साधारण १ ते २.५ टक्के आकसते. ६३ मिलिमीटरवर दीड टक्का धरला तरी जवळजवळ एक मिलिमीटर होतो, म्हणजे आट्यांसाठी सोडलेल्या साऱ्या फटीपेक्षा जास्त. हा हिशेब टूल रूमवाले (साचे बनवणारे) करतात, पण त्यासाठी दाण्याची (कच्च्या प्लॅस्टिकची) नेमकी जात त्यांना आधी सांगावी लागते. नंतर स्वस्त पडतो म्हणून दुसरा दाणा वापरला, तर त्याच साच्यातून सैल किंवा घट्ट झाकणे निघू शकतात.

आटे साच्यातून कसे सोडवायचे हाही प्रश्न खर्चाचा आहे. कमी खोलीचे, गोलसर कडांचे आटे पॉलिप्रॉपिलीन गरम असताना सरळ ओढून काढता येतात, साचा स्वस्त पडतो. खोल आणि १० अंशांच्या धारदार आट्यांसाठी गाभा फिरवून सोडवणारा साचा लागतो, तो बराच महाग असतो. आम्ही भार घेणाऱ्या बाजूचा कोपरा किंचित गोल करून मधला मार्ग काढला. ही चर्चा रेखाचित्र पक्के होण्यापूर्वी करा. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आणि सिपेट (प्लॅस्टिकविषयक संस्था) या दोन्ही सरकारी संस्था आहेत. साच्याविषयी सल्ला आणि प्लॅस्टिकच्या चाचण्या यांसाठी तिथे विचारणा करता येते.

खाद्यपदार्थासाठी झाकण असेल तर पुढील कागदपत्रे दाणा आणि वायसर पुरवणाऱ्यांकडून लेखी घ्या:

- पॉलिप्रॉपिलीन दाणा आयएस (भारतीय मानक) १०९१० प्रमाणे असल्याचा दाखला. पॉलिथिलीन असल्यास आयएस १०१४६.
- रंगाची मास्टरबॅच (दाण्यात मिसळायचे गडद रंगाचे दाणे) वापरणार असाल तर ती आयएस ९८३३ मध्ये बसते याचा दाखला. हा कागद हमखास विसरला जातो.
- तयार झाकणाचा आयएस ९८४५ प्रमाणे मायग्रेशन चाचणीचा (प्लॅस्टिकमधली द्रव्ये पदार्थात किती उतरतात, याचा) अहवाल. २०१८ च्या अन्न सुरक्षा पॅकेजिंग विनियमांनुसार एकूण मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम किंवा चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम अशी आहे.
- सिलिकॉन वायसर खाद्यवापरासाठी योग्य असल्याचे पत्र, कडकपणाच्या आकड्यासह.

साच्यात एकाहून अधिक पोकळ्या असतील तर प्रत्येक झाकणाच्या आत पोकळीचा क्रमांक उमटवून घ्या. पहिल्या खेपेतून प्रत्येक क्रमांकाची पाच-पाच झाकणे वेगळी काढा, ती दोन दिवस तशीच ठेवा आणि मग मोजा, कारण साच्यातून बाहेर आल्यानंतरही पॉलिप्रॉपिलीन काही काळ आकसत राहते. गरम झाकणावर घेतलेले माप पाहून साचा घासायला दिलात, तर तो पुन्हा भरून आणणे फार खर्चिक पडते. चार पोकळ्यांच्या आमच्या साच्यात तीन क्रमांकाचे झाकण तेवढे गळत होते; क्रमांक नसता, तर ‘दर चार झाकणांमागे एक गळते’ एवढेच कळले असते आणि आम्ही पुन्हा वायसर बदलत बसलो असतो.